प्रकृती स्थिर आहे, जीप थांबव

सावेडी, नगर
शुक्रवार, सकाळचे साडेअकरा

ती. वृषालीताईस,
धाकट्या शुभांगीचा मानाचा जय भीम. दाजींनाही माझा जय भीम सांग.

सगळ्यात आधी ताजी बातमी : मी ठणठणीत आहे. या वृत्ताला माझ्या सासूबाई भामाबाई यांनी आज सकाळी जिन्याखाली खुर्चीवर बसून दुजोरा दिला आहे. मला ताप नाही, कुठे गाठ नाही, कुणाला रक्त द्यावं लागलेलं नाही आणि मला पुण्याला हलवलेलं नाही. (पुण्याला हलवलं ही बातमी कोपरगावात कोणी पोहोचवली ते मला माहीत आहे, पण हे पत्र भीमराज भाऊजींच्याच हाती पाठवत असल्यामुळे नाव लिहीत नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कट्कन वाजतो का? दाजींची शुगर किती आली? (रक्तातली. दाजींच्या साखर कारखान्याचा बॉयलर पेटल्याचं पेपरात वाचलं.) दाजींना म्हणावं, गळीत हंगाम सुरू झाला म्हणून रोज गरम साखर चाखायलाच पाहिजे असं नाही. तुम्ही दोघं तब्येतीला जपा, कारण या घरात आता तब्येत हा विषय फार वाढला आहे आणि आणखी कुणाची तब्येत आम्हाला झेपणार नाही.

मुद्दा एवढाच आहे की भीमराज भाऊजींनी काल सांगितलं, तू रविवारसाठी जीप ठरवली आहेस आणि तुझ्यासह अकरा बायका मला बघायला येणार आहेत. ती जीप थांबव. पण हे कुठून सुरू झालं ते सांगितल्याशिवाय तुला पटायचं नाही, म्हणून मागच्या गुरुवारपासून सांगते.

तुला माहीतच आहे, चौदा वर्षं मी पेपरच्या रविवार पुरवणीतलं सिनेमाचं पान घरून लिहिते आणि दर गुरुवारी संध्याकाळी सहाला पाठवते. मागच्या गुरुवारी बातमी आली की ती मोठी नटी (नाव लिहीत नाही, तुझ्या न्हाणीतल्या साबणाच्या कागदावर जी खांद्यावरून मागे बघते तीच) अतिश्रमामुळे चौदा दिवसांच्या विश्रांतीसाठी डोंगरातल्या एका आरोग्यधामात गेली आहे. तिच्या मॅनेजरने दुजोरा दिला. अकरा दिवसांत नऊ शहरांत तिने सिनेमाची जाहिरात केली, त्याने ती दमली. घरी दीड वर्षाचं बाळ आहे. त्याला सांभाळायला तीन बायका. एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला आणि एक बदलीला. (आमच्या ह्यांच्या कंपनीत बदलीला माणूस मिळत नाही म्हणून दिवाळीत दोन पाळ्या सलग कराव्या लागतात, आणि तिथे तर मशीनं आहेत, बाळ नाही.) आरोग्यधामात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे मोबाईल मॅनेजरकडे जमा. मग तेलाची धार, मग मौन, मग कुणीतरी सोलून दिलेली फळं. शिवाय तिला झोपेचा एक सल्लागार आहे. हा मनुष्य तिच्या उशाशी बसत नाही, तिची उशी निवडतो.

ताई, खरं सांगते, मला राग आला नाही. अशा बातमीखाली लोक काय काय लिहितात ते मी रोज वाचते. कांदा खुरपायला लावा, चार घरची धुणीभांडी करायला लावा, सगळं. मला मात्र ती बाई थोर वाटली. दमली, आणि दमले म्हणाली! आपल्याकडे हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकलास? आपली आई फार झालं की 'जरा पाठ टेकते' म्हणायची, आणि ती टेकायची उभ्यानेच, स्वयंपाकघराच्या भिंतीला, दूध उतू जायच्या आत. आत्याबाई (म्हणजे वर दुजोरा दिलेल्या सासूबाई) दिवसभर कांदा काढून आल्या असोत की दातांच्या दवाखान्यातून, विचारलं तर एकच उत्तर, 'दमायला काय झालं?' मी ती बातमी साडेतीनशे शब्दांत लिहिली, सहाला पाच कमी असताना पाठवली आणि मटार सोलायला बसले. मटार सोलताना मनात आलं की तिच्या ठिकाणी मला नेऊन ठेवलं तर मी चौदा दिवस मागणार नाही. मला उशीही कसलीही चालेल.

त्याच आठवड्यात शाळेच्या ग्रुपवर निरोप आला होता : इयत्ता तिसरी, विषय 'आपल्या जिल्ह्यातील धरण', प्रतिकृती करून शनिवारी पालकसभेला आणणे. सुकन्याने मुळा धरण निवडलं, कारण आजीची विहीर त्याच्या पाटामुळे भरते. बाकीच्या मुलांची धरणं थर्माकोलची आणि पाणी निळ्या कागदाचं. सुकन्या म्हणाली, पाणी खरं पाहिजे आणि दरवाजे उघडले पाहिजेत. (ही पोरगी तुझ्यावर गेली आहे. तूही भातुकलीला खरी चूल मागायचीस.) तीन संध्याकाळी खपून आम्ही कणकेच्या परातीत धरण बांधलं. भिंत शाडूची, आतून मेण, दरवाजे ह्यांनी कंपनीतल्या भंगारातून आणलेल्या पत्र्याचे. एक थेंब गळत नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी मी टेबलावर दिवाळी पुरवणीचा लेख लिहीत होते आणि शेजारी धरण शंभर टक्के भरलेलं होतं. संघर्ष (साडेतीन वर्षांचा झाला, हे नाव तूच सुचवलंस, विसरू नकोस) खुर्चीवर चढला आणि त्याने आवर्तन सोडलं. पाचही दरवाजे एकदम. लाभक्षेत्रात माझा लॅपटॉप होता.

लेख वाहून गेला. विषय होता, नायिका घर आणि काम कसं सांभाळतात. तोच लेख मी शनिवारी सकाळी डबे भरता भरता ह्यांच्या मोबाईलवर एका बोटाने पुन्हा लिहिला आणि दिलेल्या वेळेच्या चार मिनिटं आधी पाठवला. चौदा वर्षांत मी एकदाही वेळ चुकवलेली नाही. मग धरण पुन्हा भरलं, रिक्षाने शाळेत नेलं आणि पालकसभेला वेळेवर जाऊन झोपले.

म्हणजे ठरवून नाही. तिसरीच्या बाकावर बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. मी तशी बसले, मांडीवर धरण, आणि बाई 'पालकांनी मुलांबरोबर निवांत वेळ घालवावा' असं काही सांगत असताना माझा डोळा लागला. मी घोरले नाही, पण धरणातलं पाणी हलत होतं असं सुकन्या सांगते. पालक हसायला लागले. तेव्हा ही आठ वर्षांची पोरगी उभी राहिली आणि म्हणाली, 'हसू नका, माझी आई पेपरात आहे.' त्यावर वर्गात जी शांतता पसरली तिच्यात मी वीस मिनिटं झोपले. बाई भल्या, त्यांनी उरलेली सभा हळू आवाजात घेतली. ताई, गेल्या वर्षभरातली ती माझी सर्वांत चांगली झोप होती, आणि धरणाला पहिला नंबर मिळाला तो मला जागं झाल्यावर कळला.

संध्याकाळी ह्यांनी मला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाडी, डोळे, जीभ सगळं बघितलं आणि म्हणाले, काही नाही, झोप कमी पडते आहे, आठ दिवस विश्रांती घ्या. सवयीने त्यांनी ते चिठ्ठीवर लिहूनही दिलं. हे बिचारे ती चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने ती उलटसुलट वाचली आणि परत दिली. 'हे आपल्याकडं येत न्हाई. पुण्याला मिळंल.' शेजारी भीमराज भाऊजी खोकल्याचं औषध घ्यायला उभे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची कंडक्टरची ड्यूटी कोपरगावच्या एसटीवर होती. पुढचं मी सांगायला नको.

आता चूक माझी, ती कबूल करते. विश्रांती घ्यायची तर ती जाहीर करावी लागते, हे मी नटीकडून शिकले. म्हणून रविवारी सकाळी 'आपली माणसं' या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी निवेदन टाकलं. साधं लिहायला हवं होतं की मला झोप हवी आहे. पण हाताला वळण पडलेलं. मी लिहिलं, 'शुभांगी यांना अतिश्रमामुळे आठ दिवसांच्या विश्रांतीचा सल्ला देण्यात आला आहे. त्यांची प्रकृती स्थिर असून काळजीचे कारण नाही. या काळात कुटुंबाच्या खासगीपणाचा आदर करावा, ही विनंती.' खाली 'कुटुंबीयांकडून'. हे वाक्य मी सिनेमाच्या पानावर शंभरदा लिहिलं आहे आणि एकदाही त्यातून काही घडलेलं नाही. पण ते वाचणारी माणसं वेगळी. आपल्याकडे पेपरात कुणाची प्रकृती स्थिर आली की बायका कपाटातली पांढरी साडी वर काढून ठेवतात. काळजीचे कारण नाही म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. आणि खासगीपणाचा आदर म्हणजे काय ते कुणालाच कळलं नाही, म्हणून ते विचारायलाही लोक आले.

पहिले आले रंगनाथ मामा, आत्याबाईंचे धाकटे भाऊ. राहुरी फॅक्टरीवरून साडेबारालाच पोचले, हातात दोन शहाळी आणि बिस्किटांचे दोन पुडे. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. 'तू उभी कशी?' त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा तक्रार जास्त होती. पण त्यांचं तरी काय चुकलं? माणूस एसटीच्या गर्दीत उभा राहून आजाऱ्याला बघायला येतो, तर आजारी निदान आडवा दिसावा. मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. मामांनी उशाशी शहाळी ठेवली, माझ्याकडे दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, 'आता बरं वाटलं.'

मंगळवारपर्यंत सत्तेचाळीस माणसं येऊन गेली. हे आठ दिवस ह्यांची दुसरी पाळी, म्हणजे दुपारी दोननंतर घरात मी आणि मुलं. कडी वाजली की मी धावत जाऊन आडवी व्हायचे, माणसं टेकली की उठून चहा ठेवायचे. सगळे कळवळून सांगायचे, 'आगं तू उठू नको, लई दम लागंल,' आणि मी गॅसपाशी पोचले की मागून आवाज यायचा, 'मला साखर कमी टाक.' प्रत्येकाकडे प्रकृती स्थिर असलेला एक तरी नातेवाईक होता, आणि त्यांतला एकही आता हयात नव्हता. एका चुलत सासूबाईंनी तर माझा हात हातात घेऊन ह्यांचं पुढे कसं होणार याचा विचार सुरू केला आणि दोन मुली सुचवल्या. (त्यांतली संगमनेरची मलाही बरी वाटली. बी.एड. झालेली आहे, मुलांचा अभ्यास घेईल.) संघर्ष तीन दिवस नुसत्या बिस्किटांवर जगला. सुकन्याने उरलेल्या पुड्यांची भिंत रचून भंडारदरा बांधलं. नटीकडे तेलाची धार होती. माझ्याकडे चहाची होती, आणि ती खंडत नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी आत्याबाई राहुरीहून आल्या. पिशवीत दोन लुगडी, चष्मा आणि अडकित्ता. आल्या तेव्हा मी गालावर उशीचा वळ घेऊन सहा जणांना चहा देत होते. माणसं गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि मला समोर बसवून विचारलं, काय झालंय ते नीट सांग. मी सगळं खरं सांगितलं, नटीसकट. त्यांनी मोबाईलमध्ये तिचा फोटो लांब धरून बघितला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्या म्हणाल्या, 'पोरगी शानी हाय. पर ह्यो म्यानेजर म्हंजी काय करतो?' मी सांगितलं, तो लोकांना नाही म्हणतो. 'एवढंच? ते मला जमंल.' आणि माझा मोबाईल त्यांनी स्वतःच्या पिशवीत टाकला.

बुधवारी सकाळी नऊला आत्याबाई जिन्याखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या. मी वरून गॅलरीतून बघत होते, कारण तसलं काम मी फक्त लिहिलेलं आहे, बघितलेलं नाही. पहिलं जोडपं आलं. 'शुभांगीला बघाया आलो व्हतो.' 'काय बघायचंय? लग्नात बघितली न्हाई का? तशीच हाय. जराशी रोडावलीय.' 'न्हाई, पर तब्येत...' 'तब्येत झोपलीय. शहाळं ठिवा हितं.' ते ठेवून वळायला लागले तर आत्याबाईंनी हाक मारली, 'थांबा की. आलाच हाय तर मेथी निवडाया येती का?'

ताई, इथे मला त्यांची खरी करामत दिसली. नटीचा मॅनेजर माणसं परत पाठवतो. आत्याबाई त्यांना कामाला लावतात. आलेला माणूस रिकामा जाऊ द्यायचा नाही, चहाही द्यायचा नाही. त्या जोडप्यातल्या बाईने मेथी निवडली आणि तिच्या नवऱ्याने गळका नळ बसवला. रंगनाथ मामा दुसऱ्यांदा बघायला आले (पहिल्यांदा नीट बघायचं राहिलं म्हणे), तर 'रंग्या, तू शाळंत हुशार व्हतास,' असं म्हणून त्यांच्यापुढे सुकन्याला पाढ्यांसाठी बसवलं. मामांना पावकी, निमकी, दिडकी हे पाव-अर्ध्या-दीडचे जुने पाढेही पाठ. सुकन्याने तर पावकी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. ती त्यांच्याकडे जादूगाराकडे बघावं तशी बघत बसली. एका मावशींना संघर्षच्या मागे फिरायला नेमलं. त्या येताना कमरेला पट्टा बांधून आल्या होत्या. जाताना पट्टा संघर्षच्या डोक्याला होता आणि मावशी हसत होत्या. नटीकडे सगळी मिळून सात माणसं आहेत. बुधवारी माझ्याकडे नऊ होती, आणि त्यांनी बिस्किटं स्वतःची आणली होती.

त्या दुपारी मी दोन ते पाच झोपले. तीन तास, सलग, घरात, आडवी. जाग आली ती शांततेने. मला वाटलं काहीतरी मोठं फुटलंय आणि आता सगळे लपलेत. बाहेर येऊन बघते तर संघर्ष मामांच्या पोटावर झोपलेला, मामा पावकी म्हणता म्हणता झोपलेले, आणि सुकन्या मामांचं कुठे चुकलं ते वहीत लिहीत बसलेली. आत्याबाई खाली खुर्चीवर अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या आणि माझ्या फोनवर बोलत होत्या. फोनवरचं त्यांचं निवेदन माझ्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे. 'झोपलीय. व्हय, जित्ती हाय.' आणि फोन बंद.

हेच निवेदन तुलाही मिळालं, आणि त्या 'जित्ती हाय'वर तू रडायला लागलीस आणि जीप ठरवलीस, असं भाऊजी सांगतात. त्यानंतर मी काल ह्यांच्या मोबाईलवरून दोनदा तुला फोन केला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू 'बोलू नकोस बाई, दम लागेल, आम्ही येतोच,' म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. आज भाऊजींची ड्यूटी दोनच्या कोपरगाव गाडीवर आहे.

आता जीप का थांबवायची ते ऐक. आत्याबाई सगळ्या जगाला जिन्याखालून परतवतील, पण तुम्हाला नाही. काल रात्री जेवताना मीच म्हटलं की रविवारी कोपरगावच्या बायकांनाही मेथी देऊ निवडायला. तर त्या घास खाली ठेवून म्हणाल्या, 'तुज्या म्हायेरची मानसं दारातनं माघारी लावली तर राहुरीपास्नं कोपरगावापत्तुर लोक तोंडात शेन घालतील. सैपाक करावा लागंल.' सैपाक म्हणजे अकरा तुम्ही, एक जीपवाला, पाच आम्ही, आणि मामा तर धरायलाच हवेत. आत्याबाईंना खाली बसवत नाही आणि ओट्याशी फार वेळ उभं राहवत नाही. तेव्हा मला बघायला येणाऱ्यांच्या पोळ्या मलाच लाटाव्या लागतील, आणि लाटून झाल्यावर तुम्हाला बघता यावं म्हणून आडवंही व्हावं लागेल. आठ दिवसांतले तीन चहात गेले. दोन झोपले. सोमवारी दिवाळी पुरवणीचं शेवटचं पान द्यायचं आहे, तेव्हा विश्रांतीचा हा शेवटचा रविवार आहे. तो एकच मागते.

काल आणखी एक बातमी आली. नटीने मुक्काम सात दिवसांनी वाढवला आहे. मॅनेजरने दुजोरा दिला. मॅनेजरकडून तासभर मोबाईल मागून घेतला, वेळेवर पान पाठवलं आणि मनातल्या मनात तिला जय भीम घातला.

तू बाकीच्या दहाही जणींना समजावून सांग. मी बरी आहे, पुण्यात नाही, बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझी,
खरोखरच स्थिर असलेली,
शुभांगी

ता. क. : भाऊजी आले आहेत आणि आत्याबाईंच्या हुकमावरून स्वतःचा चहा स्वतः करत आहेत. ते सांगतात, जीप थांबण्यातली नाही. अकरा जणींच्या साड्यांना इस्त्री झाली आहे आणि खिडकीत कोण बसणार यावर एकदा भांडण होऊन मिटलंही आहे. मिटलेलं भांडण मोडायचं पाप मला नको. तेव्हा याच. फक्त येताना स्वयंपाक करून आणा. आजाऱ्याच्या घरी डबा नेणं हे रीतीला धरूनच आहे, आणि तुझ्या हातची शेंगोळी खाऊन मला वर्ष झालं. आणि ताई, जीप परत जाताना रिकामी कशाला न्यायची? उद्यापासून शाळेला दिवाळीची सुट्टी आहे. सुकन्या आणि संघर्ष दोघांना आठ दिवस घेऊन जा. खरं सांगायचं तर साडेअकरापासून मी एवढंच लिहायला बसले होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा मुख्य बातमी शेवटी आली, संपादकांना सांगू नकोस.

ता. क. दुसरा : संघर्ष कुणाच्याही मांडीवर बसतो, फक्त त्या मांडीच्या मालकिणीने मोबाईल उघडला तर चावतो. सुकन्या निमूट बसेल, पण तिला धरण बरोबर न्यायचं आहे, आणि रिकामं नाही. परात मांडीवर धरायला एखादी शांत बाई नेम. दरवाज्यांशी संघर्षला बसवू नये, ही विनंती नाही, अट आहे. कोपरगावात गोदावरी असताना नगरहून पाणी कशाला, असं तिला कुणीही विचारू नये. मी विचारलं होतं, म्हणून सांगते.

ता. क. तिसरा : पत्र पाकिटात घालण्याआधी मॅनेजरना दाखवावं लागतं. आत्याबाई साक्षरतेच्या वर्गात शिकलेल्या, ओळीवर बोट ठेवून वाचतात. भाऊजी घड्याळाकडे बघत उभे आहेत. वाचून झाल्यावर आत्याबाईंनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. माणसं सत्तेचाळीस नव्हे, एकोणपन्नास. दोघं मंगळवारी मी झोपेचं सोंग घेता घेता खरंच झोपले असताना बघून गेले, ते त्यांना स्टँडवर भेटले. आणि जीपमध्ये त्यांचीही एक जागा धरायची. मी विचारलं, का हो आत्याबाई? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाल्या, 'दमले.' ताई, अकरा वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बहुधा सदुसष्ट वर्षांत त्यांनीही पहिल्यांदाच ऐकला, कारण कोण बोललं ते बघायला त्यांनीच मागे वळून पाहिलं. मग मला म्हणाल्या, 'पेपरात लिहितीस तसं लिही. पर ते स्थिर-बिर लिहू नको. मानसं येत्यात.'

तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून लिहिते : भामाबाई यांना अतिश्रमामुळे कोपरगाव येथे आठ दिवसांच्या विश्रांतीचा सल्ला देण्यात आला आहे. सल्ला त्यांनी स्वतःच दिला आहे. खिडकीची जागा त्यांची. भांडण पुन्हा होईल, पण त्या जिंकतील.

रविवारी अकराच्या सुमारास जीप येईल. तीनच्या सुमारास ती अकरा बायका, दोन मुलं, एक मॅनेजर आणि एक धरण घेऊन निघेल. हे दुसऱ्या पाळीला गेलेले असतील. सव्वातीनपासून मी झोपलेली असेन अशी अपेक्षा आहे. मात्र त्या वृत्ताला दुजोरा द्यायला तेव्हा घरात कोणीही नसेल.